आहेराच्या पाकिटांतला संसार: आठ महिने वापरून

मे महिन्यात एका रात्री मोबाईलमधले व्यवहार खाली खाली सरकवत बसलो होतो. शंभर रुपयांच्या आतले ४१ व्यवहार निघाले. तीस, पंचेचाळीस, वीस, ऐंशी. त्यातले निम्मे कशाचे होते तेही आठवेना. हातात येणारा पगार ३८ हजार, घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत वडिलार्जित, म्हणजे भाडं नाही, आणि तरी २५ तारखेला खात्यात दीड हजार. बायको म्हणाली, "अहो, भाडं असतं तर काय केलं असतं आपण?"

घरातल्या एका लग्नातली आहेराची पाकिटं उरली होती, वर रुपयाचं नाणं चिकटवलेली. त्यातली सात घेतली आणि नावं घातली: किराणा ७०००, मटण-मासे-अंडी ३०००, भाजी-फळं २५००, पेट्रोल २५००, बाहेरचं खाणं १५००, किरकोळ १५००, आहेर-वर्गणी १०००. एकूण १९ हजार, पगार झाल्या दिवशी रोख काढायचे. पाकीट रिकामं झालं की तो खर्च पुढच्या पगारापर्यंत बंद. दूध, लाईट, गॅस, शाळा हे खात्यातूनच. जून ते जानेवारी असे आठ महिने झाले, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तक्रारी. कागदी पाकिटं कोल्हापूरच्या पावसात तीन आठवडेही टिकली नाहीत. भाजीचं पाकीट तर ओल्या हातांनीच हाताळलं जातं. जुलैपासून चेनच्या प्लॅस्टिक पिशव्या आणल्या. दुसरी कटकट सुट्ट्यांची. एटीएममधून बहुतेक वेळा पाचशेच्याच नोटा येतात आणि कपिलतीर्थ मार्केटात वीसच्या मेथीला पाचशे काढले की बाई आपल्याकडे बघते ते बघण्यासारखं असतं. "स्कॅन करा की ओ." यावर उपाय एकच सापडला: किराणा पहिल्याच दिवशी लक्ष्मीपुरीतून भरायचा आणि तिथूनच पन्नास-शंभरच्या नोटा मागून घ्यायच्या.

आईला मात्र हा प्रकार पहिल्या दिवसापासून पटला. "दे ते पाकीट, मी जातो भाजीला." (आमच्याकडच्या बायका 'जातो' म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) तिनं आयुष्यभर डाळीच्या डब्यात पैसे ठेवूनच घर चालवलं. मी नवीन काही शोधून काढलं, असं तिला वाटत नाही.

फायदा सगळ्यात जास्त दिसला तो बाहेरच्या खाण्यात. आधी मिसळ, भेळ, रात्री गंगावेशीत मित्रांबरोबर धारोष्ण दूध, यातलं काहीच मला 'खर्च' वाटत नव्हतं. स्कॅन केलं, आवाज आला, विषय संपला. आता पाकिटातली शेवटची दोनशेची नोट समोर दिसते आणि महिन्याची अजून १८ तारीख असते. दूध बंद केलं नाही, पण रोजचं दोन दिवसांआड झालं. मित्रांनी आठवडाभर चिडवलं, मग त्यातल्या दोघांनी माझ्याकडून पिशव्यांच्या दुकानाचा पत्ता घेतला.

मटणाच्या पाकिटाचं गणित वेगळंच. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा, गल्लीची जेवणं, पाहुणे. पाकीट १५ तारखेलाच साफ. मग श्रावण. अख्खा महिना मटण नाही, तीन हजार जसेच्या तसे. मी खूश झालो, पण भाजी-फळांचं पाकीट बघितलं तर ते रिकामं. शेंगदाणे, साबुदाणा, केळी, वऱ्याचे तांदूळ! उपवास स्वस्त असतो हा माझा गैरसमज ऑगस्टमध्ये फिटला. तेव्हापासून मटण आणि भाजी यांच्यात उसनवारीला परवानगी आहे, फक्त चिठ्ठी टाकायची. इतर पाकिटांत उसनवारी बंद, कारण पहिल्या दोन महिन्यांत पेट्रोलच्या पाकिटात पैसे कमी आणि चिठ्ठ्या जास्त झाल्या होत्या.

जिथं बिल आपोआप येतं तिथं पाकिटाचा काही उपयोग नाही. लाईटचंच घ्या. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिट स्वस्त, त्यापुढच्या टप्प्याला दर एकदम चढतो. (१०१ वं युनिट जळलं की सगळं बिल महाग होतं असं कट्ट्यावर सांगतात. तसं नाही, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो.) आमचं मीटर १४०-१५० वर जायचं. आईनं माळ्यावरचा बंब खाली काढला, उद्यमनगरातल्या ओळखीच्या कारखान्यातून लाकडाचे तुकडे आणले आणि गीझर फक्त पाहुण्यांपुरता राहिला. बिल उतरलं, पण ते श्रेय बंबाचं, पाकिटाचं नव्हे. मोबाईलमध्ये दोन ऑटोपे (खात्यातून आपोआप कापले जाणारे पैसे) चालू होते, एक न बघितलेल्या मालिकांचा आणि एक कशाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन दोन्ही रद्द केले. पाच मिनिटांचं काम, दीड वर्ष राहिलेलं.

खरी फजिती ऑक्टोबरमध्ये झाली. गाडीचा विमा, घरफाळा आणि दिवाळी एकाच महिन्यात समोर आले आणि माझ्या सात पाकिटांत यांना जागाच नव्हती. बायकोच्या भिशीतून उचल घेऊन वेळ निभावली. वर्षातून एकदा येणारा खर्च आपण 'अचानक आला' म्हणतो, आणि तो दरवर्षी त्याच महिन्यात येतो. नोव्हेंबरपासून आठवं पाकीट सुरू केलं. जूनची शाळा, मेमधली वर्षाची चटणी, म्हणजे तिखट (ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, मसाला आणि डंकावरची कुटाई धरून), विमा, घरफाळा, दिवाळी यांची बेरीज केली आणि बाराने भागली. महिन्याला ३२०० निघाले. मला विचाराल तर आधी हे एकच पाकीट करा, बाकीची सात नंतर. ही रक्कम मोठी होत जाते, त्यामुळे ती घरात न ठेवता बचत खात्यात वेगळी ठेवतो आणि पिशवीत फक्त आकडा लिहिलेला कागद.

उरलेल्या पैशांचं म्हणाल, तर पहिले दोन महिने 'उरेल ते बाजूला टाकू' असं ठरवलं होतं. उरलं काहीच नाही. ऑगस्टपासून पगाराच्याच दिवशी पोस्टात आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायचं खातं), महिन्याला ४०००. मुदत पाच वर्षं, खातं उघडलं तेव्हा व्याज ६.७ टक्के; ६० हप्त्यांचे २ लाख ४० हजार भरले की साधारण २ लाख ८५ हजार मिळतील. तीन वर्षांच्या आत खातं मोडता येत नाही, ही अट माझ्यासारख्याला सोयीची. गल्लीतले दोघंतिघं पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून मागं लागले होते. पण एका पतसंस्थेत वडिलांचे पैसे सहा वर्षं अडकलेले मी पाहिलेत. बँकेत, मग ती सहकारी का असेना, ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं कवच आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीपासून दोन बदल करतोय. पेट्रोल पुन्हा फोनवर, कारण पंपावर सुट्ट्यांवरून भांडायचा कंटाळा आला. त्यासाठी यूपीआय लाईटमध्ये (फोनमधलं छोट्या खर्चाचं पाकीट) आठवड्याला ६०० टाकतो, ते संपले की केएमटीची बस. आणि किराणा ७००० वरून ६५०० वर आणून बघायचंय. रोजच्या जेवणाला इंद्रायणी तांदूळ, आणि आजरा घनसाळ फक्त सणाला, असं बायकोनं सुचवलंय. मटणाचे पाचशे कमी करू का, असंही मी विचारलं होतं. त्यावर आई काही बोलली नाही, नुसतं ते पाकीट उचलून स्वतःच्या कपाटात ठेवलं.