"शाळेत विचारू नका," असं तो म्हणाला

गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही लेकीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी वणवण करत होतो. त्यात आमचे सव्वा लाख रुपये गेले. पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, वारजे या भागात तोच प्रकार पुन्हा सुरू झालाय, म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे. शाळेचं नाव घेत नाही, कारण शाळेचा यात काहीच दोष नाही. तिचं फक्त नाव वापरलं गेलं.

आधी आमची अडचण सांगते, कारण फसवणारा नेमका तिथेच हात घालतो. लेक घराजवळच्या एका बालवाडीत जायची. बंगल्याच्या तळमजल्यावरची छोटी, मायेची बालवाडी, पण सीनियर केजीपर्यंतच. पहिलीला चांगल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालू, असं आमचं ठरलं होतं. नावाजलेल्या शाळांची पहिली बाहेरच्या मुलांसाठी जवळजवळ बंद असते, हे फॉर्म भरायला गेल्यावर कळलं. या शाळा नर्सरीत मुलं घेतात आणि तीच मुलं वर सरकत पहिलीत येतात. कुणाच्या वडिलांची बदली झाली, कुणी घर बदललं, तरच एखादी जागा सुटते. आम्हाला हे तीन वर्षं आधी कुणी सांगायला हवं होतं. तुमचं मूल अडीच-तीन वर्षांचं असेल तर बालवाडी निवडतानाच पुढच्या शाळेचं बघा.

चार शाळांत फॉर्म भरले. जन्मदाखला, आधार, घराचा करारनामा, लाइट बिल, फोटो, सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स. दोन शाळांनी पहिलीत जागा नाही म्हणून कळवलं. तिसरीने सोडत काढली, त्यात नाव लागलं नाही. चौथी आमच्या सगळ्यात मनातली. तिच्या वेटिंग लिस्टमध्ये आमचा नंबर ४१ वा.

ती यादी शाळेच्या फाटकाजवळच्या फलकावर लावली होती. मी नंबर पुन्हा पुन्हा वाचत होते, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "कितवा आलाय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या मोठीच्या वेळी असंच झालं होतं. एक सर आहेत, त्यांनी करून दिलं. हवा असेल तर नंबर देते." त्या बाई खऱ्याच पालक होत्या की त्या सरांच्याच माणूस, हे मला आजही माहीत नाही.

'सर' आम्हाला कर्वे पुतळ्याजवळ चहाच्या दुकानात भेटले. चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात जाड फाइल. त्या फायलीत दुसऱ्या मुलांचे भरलेले फॉर्म होते, कोपऱ्यात फोटो चिकटवलेले. ती फाइल बघूनच माझा अर्धा विश्वास बसला. एवढ्या लोकांनी कागद दिलेत म्हणजे काहीतरी असणारच, असं वाटलं. पैशांचा विषय त्यांनी काढलाच नाही. लेकीची जन्मतारीख विचारली, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "३१ डिसेंबरला सहा पूर्ण होतात. वयात बसते." नियम बरोबर होता. माणसाला नियम पक्के माहीत असले की आपण त्याला आतला समजतो. मग त्यांनी सांगितलं, दोन मुलांच्या वडिलांची बंगळूरला बदली झालीय, त्या जागा मॅनेजमेंट कोट्यातून भरायच्या आहेत, एका विश्वस्तांशी आपलं घरचं नातं आहे.

निघताना ते एक वाक्य बोलले. "ताई, फक्त एक करा. शाळेत काही विचारू नका. ऑफिसमध्ये कुणाला कुणकुण लागली तर विश्वस्त हात वर करतील आणि मुलीचं नाव कायमचं कटेल."

सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी होती. पाच महिने मी रोज त्या शाळेवरून ऑफिसला जात होते. आत जाऊन खिडकीवर विचारायला दहा मिनिटंसुद्धा लागली नसती. मी गेले नाही, कारण लेकीचं नाव माझ्यामुळे कटायला नको होतं.

जानेवारीत 'नोंदणी' म्हणून ५,००० रुपये यूपीआयने घेतले. फेब्रुवारीत लेकीची 'मुलाखत' ठरली. शाळेत नाही, पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. शाळेत परीक्षेचं वातावरण असतं, मुलं बावरतात, म्हणून इथे, असं कारण दिलं. खोलीत एक टेबल, भिंतीवर प्राण्यांचा तक्ता आणि सुती साडी नेसलेल्या एक बाई. त्यांनी लेकीला रंग विचारले, पन्नासपर्यंत अंक म्हणून घेतले, घराचं चित्र काढायला लावलं. लेकीने घर काढलं, घरासमोर आजी काढली, आजीच्या हातात पिशवी काढली. बाई म्हणाल्या, "अगदी हुशार आहे," आणि तिच्या फ्रॉकवर चांदणीचं स्टिकर लावलं. ते स्टिकर घरी येऊन लेकीने फ्रिजवर चिकटवलं. मे महिन्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती ते दाखवत होती. पैशांचं दुःख मी कधीतरी विसरेन. सहा वर्षांच्या मुलीला असं खोटं पास करून आनंदी केलं, याची चीड मात्र जात नाही.

मार्चमध्ये 'डोनेशन' ठरलं, एक लाख वीस हजार. ७०,००० रोख आणि ५०,००० यूपीआयने. रोख रक्कम माझ्या बंद केलेल्या आरडीची होती. यूपीआयवर पैसे पाठवताना स्क्रीनवर शाळेचं किंवा संस्थेचं नाव आलं नाही, कुठल्याशा 'एंटरप्रायझेस'चं आलं. नवऱ्याने विचारलं. उत्तर आलं, "देणगी थेट शाळेच्या खात्यात दाखवता येत नाही हो, ऑडिट असतं." हे उत्तर आम्हाला पटलं, कारण तोवर आम्हाला पटवूनच घ्यायचं होतं.

पावती मिळाली. पिवळसर कागद, वर शाळेचं बोधचिन्ह, लाल रंगात छापलेला अनुक्रमांक, जांभळा शिक्का, सही. आता ती पावती माझ्या तक्रारीच्या फायलीत आहे आणि बघितली की एकेक चूक दिसते. शाळा कोथरूडची, तिचा पिनकोड ४११०३८. पावतीवर ४११००४, म्हणजे डेक्कन जिमखान्याचा. ज्या संस्थेची ही शाळा आहे तिचं नावच पावतीवर नाही. रक्कम अंकांत लिहिलेली, अक्षरांत जागा कोरी. तेव्हा मी फक्त लेकीचं नाव नीट लिहिलंय ना, एवढंच पाहिलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुस्तकांची यादी आणि गणवेशाची चिठ्ठी यायची होती. 'सर' रोज उद्यावर ढकलत होते. शेवटी नवऱ्याला न सांगता मी शाळेत गेले. खिडकीतल्या क्लार्क काकांना पावती दिली. त्यांनी ती उलटी-सुलटी केली, चष्मा वर सरकवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, ही आमची पावती नाही. आमच्या पावत्या कॉम्प्युटरवर निघतात." ड्रॉवरमधून एक काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. पांढरी, साधी, वर संस्थेचं नाव, विद्यार्थ्याचा जीआर नंबर, म्हणजे शाळेच्या नोंदवहीतला क्रमांक. मग म्हणाले, "या महिन्यात अशी पावती घेऊन आलेल्या तुम्ही चौथ्या." त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. मला रडूही येत नव्हतं.

फोन केला तर 'सरां'नी उचलला. आधी म्हणाले, क्लार्कला माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हळूहळू परत करतो. तिसऱ्या दिवशी मी पोलिसांचं नाव काढल्यावर आवाज बदलला. "डोनेशन देणं गुन्हा आहे ताई. तक्रार करा, आधी तुम्हीच आत जाल." आणि खरं सांगते, आम्ही घाबरलो. दहा दिवस गप्प बसलो. सासूबाईंनाही सांगितलं नाही. त्या दहा दिवसांत तो आणखी कुणाला भेटला असेल, हा विचार आता मला छळतो.

माझ्या मैत्रिणीची मावशी निवृत्त मुख्याध्यापिका आहे. तिने समजावलं तेव्हा डोळे उघडले. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी फीखेरीज देणगी घेता येत नाही आणि मुलाची किंवा आईवडिलांची चाचणी-मुलाखतही घेता येत नाही. देणगी घेतली तर घेणाऱ्याला त्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. मुलाखत घेतली तर पहिल्या वेळी २५,००० आणि पुढे प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत. या कलमातला दंड घेणाऱ्याला आहे. आमच्या लेकीची 'मुलाखत' झाली, तिथेच आम्ही उठून यायला हवं होतं. जी गोष्ट शाळेलाच करता येत नाही, ती शाळेच्या नावाने भाड्याच्या खोलीत चालली होती.

मग तक्रार केली. यूपीआयच्या रकमेसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद केली. रोख रकमेसाठी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. बँकेचं स्टेटमेंट, दोन्ही यूपीआय व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर (व्यवहार) नंबर, व्हॉट्सॲपचे सगळे मेसेज, पावती असं जोडलं. १९३० वरच्या ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "पैसे कधी गेले?" मी म्हटलं, मार्चमध्ये. पलीकडे क्षणभर शांतता होती. हा नंबर पैसे गेल्या-गेल्या लावायचा असतो, तेव्हा समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येते. आमच्या वेळेपर्यंत ते खातं रिकामं झालं होतं. रोख पैशांचा तर त्याच्या पावतीखेरीज पुरावाच नाही. आजपर्यंत एक रुपया परत आलेला नाही. तपास चालू आहे.

हे सगळं बाहेर बोलायला लागल्यावर आमच्या कामवाल्या मावशींनी त्यांचं सांगितलं. त्यांच्या नातवाच्या आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली गरीब मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांच्या फॉर्मसाठी एकाने 'लॉटरीत नंबर लावून देतो' म्हणून आठ हजार घेतले होते. आठ हजार म्हणजे त्यांची तीन घरांची महिन्याची कमाई. आरटीईचा अर्ज ऑनलाइन, फुकट. सोडत संगणकावर निघते आणि फी सरकार भरतं. सोडतीत कुणाचा नंबर पैसे देऊन लावता येत नाही. नातवाचा नंबर नुसत्या नशिबाने लागला असता, तरी ते श्रेय त्या माणसानेच घेतलं असतं. नाही लागला तर 'पुढच्या यादीत बघू'. २०२४ साली सरकारने आरटीईचा नियम बदलला, प्रकरण न्यायालयात गेलं, जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. तोवर शाळा सुरू होऊन महिना झाला होता आणि गरीब पालक अधांतरी होते. अशा गोंधळात हे लोक वस्तीत फिरत असतात. मावशींसारखी माणसं तुमच्याही घरी येत असतील, त्यांना कृपया हे सांगा.

तुम्ही यंदा प्रवेशाच्या मागे असाल तर पैसे द्यायच्या आधी स्वतः शाळेच्या खिडकीवर जा आणि मोकळेपणाने विचारा, जागा आहे का, फी किती, पैसे कुणाच्या नावे भरायचे. शाळा नवी असेल तर तिचा अकरा आकडी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक मागा. महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. तो केंद्र सरकारच्या यूडायस पोर्टलवर टाकला की शाळेची नोंद समोर येते. सीबीएसई म्हणत असतील तर संलग्नता क्रमांक विचारा, तोही बोर्डाच्या संकेतस्थळावर बघता येतो. जो माणूस 'शाळेत विचारू नका' म्हणेल, त्याच्यासमोरून त्याच क्षणी उठा. चहा अर्धा राहिला तरी उठा.

लेक जूनमध्ये घरापासून पंधरा मिनिटांवरच्या एका जुन्या संस्थेच्या सेमी-इंग्रजी शाळेत गेली. मी ऑफिसात गेले, जागा आहे का विचारलं, बाई म्हणाल्या, आहे, कागद आणा. एवढंच झालं. तिला तिथल्या बाई खूप आवडतात. फ्रिजवरचं स्टिकर मी एका रात्री काढून टाकलं. तिने सकाळी विचारलं, मी पडलं असेल म्हटलं.

गेल्या आठवड्यात त्या मोठ्या शाळेची यंदाची यादी लागली. मी मुद्दाम सुट्टी घेऊन फाटकाजवळ उभी राहिले आणि यादी वाचून मागे वळणाऱ्यांना थांबवून हे सांगत होते. काहींनी ऐकून घेतलं, काही घाईत निघून गेले. एक तरुण आई, कडेवर धाकटं बाळ, शांतपणे ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर तिने पर्समधून मोबाइल काढला, एक नंबर उघडला आणि माझ्यासमोर धरला. "हाच का बघा हो," म्हणाली. शेवटचे चार आकडे मी न वाचताच ओळखले.