चार बॅटऱ्या, एक सिरीज: मल्टिमीटर की डिव्हायडर?

नागपुरात पारा ४५ अंशांकडे गेला की ई-रिक्षाच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांचं पाणी भराभर आटतं. सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक जोडलेल्या चारांपैकी एक बसली तरी ४८ व्होल्टची अख्खी गाडी अडते. ती नेमकी कोणती?

मल्टिमीटर प्रत्येकीच्या दोन टोकांना थेट लावता येतो, आकडा भरवशाचा. पण दुबळी बॅटरी उघडी पडते ती लोडखाली, म्हणजे मोटर वीज ओढत असताना. धावत्या रिक्षात कोण मोजणार?

रेझिस्टर-डिव्हायडर (व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करणारी रेझिस्टरची जोडी) आणि आर्डुइनो (छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड) सतत मोजतात. मात्र सगळे व्होल्टेज एकाच ग्राउंडपासूनचे (सामाईक ऋण टोकापासूनचे), म्हणून चौथीसाठी ४८ मधून ३६ वजा करायचे. रेझिस्टर १ टक्का टॉलरन्सचे, म्हणजे मूल्य १ टक्क्याने इकडेतिकडे असू शकणारे, असले तर अर्ध्या व्होल्टची चूक सहज होते, आणि भरलेल्या-रिकाम्या बॅटरीतला फरकच जेमतेम एक व्होल्ट! मी तरी डिव्हायडरच लावीन, प्रत्येक चॅनल (मोजणीची वाट) आधी मल्टिमीटरशी जुळवून.