लिफ्ट किटच्या नावाखाली नुसता फिरवलेला बोल्ट

जुनी, उंच केलेली पिकअप घेणार असाल तर विकणाऱ्याला आधी एकच विचारा: ही उंची आली कुठून? ‘किट टाकलंय’, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या भागांचा संच बसवलाय, एवढ्या उत्तरावर सोडू नका. मलाही तेच सांगितलं होतं. पूर्ण लिफ्ट किट, नवे शॉकअप, सगळा नामांकित माल, आणि बिल ‘घरी कुठेतरी असेल’. ते बिल अजून सापडायचंय.

गाडी दिसायला दणकट होती, ते कबूल. पण बारीकसा खड्डा आला की पुढून ‘ठक्क’ असा आवाज यायचा. विकणारा म्हणाला, “उंच गाडीला एवढं चालायचंच.” साफ खोटं. नीट बसवलेल्या किटची गाडी अशी ठोकत नाही.

आवाजाचं कारण गाडीखाली झोपल्यावर दिसलं. या पिकअपला पुढे कॉइल स्प्रिंग नव्हते, टॉर्शन बार होते. म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा लांब पोलादी दांडा. त्याचं एक टोक चाकाला चासीशी जोडून वर-खाली होऊ देणाऱ्या कंट्रोल आर्मला आणि दुसरं चासीजवळच्या एका छोट्या आर्ममध्ये अडकवलेलं. त्या छोट्या आर्मला एक बोल्ट असतो. तो आवळला की गाडीचं नाक वर उचललं जातं, सैल केला की खाली बसतं. ही सोय कशासाठी, तर वापरून बसलेली गाडी मूळ उंचीवर आणायला आणि डावी-उजवी बाजू सारखी करायला. इथे मात्र दोन्ही बोल्ट जवळजवळ शेवटपर्यंत पिळलेले होते. नटाबाहेर बोटभर आटे आलेले. टोकाकडचे गंजलेले आणि नटाला लागून असलेले चकचकीत. जो भाग वर्षानुवर्षं नटाच्या आत होता तो नुकताच बाहेर आला होता, म्हणजे पाना हल्लीच लागला होता. बाकी पुढच्या बाजूला किटचा एकही भाग नव्हता. शॉकअपसुद्धा मूळचेच, वरून रंग मारलेले.

बोल्ट आवळल्याने स्प्रिंग जास्त ताकदीचा होत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. दांडा तोच आणि त्याचा कडकपणाही तोच. बदलते ती फक्त कंट्रोल आर्मची जागा. आर्म खाली झुकलेला राहतो, त्यामुळे चाकाला आणखी खाली जायला वावच उरत नाही. खड्ड्यात चाक जरा लोंबकळलं की आर्म रबरी स्टॉपरवर आपटतो. तोच तो ‘ठक्क’. शॉकअपही जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढच्या एक्सलचे सीव्ही जॉइंट (चाक वळलं-हललं तरी त्याला फिरवत ठेवणारे सांधे) मोठ्या कोनात फिरत राहतात, त्यांचे रबरी बूट चिरतात आणि ग्रीस बाहेर उडतं. माझ्या गाडीत ते रिमच्या आतल्या बाजूला गोल पसरलेलं होतं, त्यावर धूळ बसून काळी चिकट कड तयार झालेली. टायरच्या कडेवरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी. अलाइनमेंट बिघडल्याचा याहून स्वस्त पुरावा नाही.

मागची बाजू जास्त भीतीदायक होती. एक्सल आणि पाट्यांच्या (मागच्या पट्टीदार स्प्रिंगच्या) मध्ये ठोकळा घालून गाडी उंच करतात, ते ठीक. इथे एकावर एक असे दोन ठोकळे रचले होते. असे रचलेले ठोकळे सरकू शकतात. शिवाय ठोकळा जितका उंच, तितका एक्सल जोरात गाडी काढताना पाट्यांना जास्त पिळतो आणि एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून गाडी थरथरते. एक्सल आणि पाट्या एकत्र आवळून धरणारे यू-बोल्ट जुनेच पुन्हा वापरलेले. यू-बोल्ट एकदा पूर्ण आवळला की ताणला जातो. काढला तर नवाच घालायचा आणि थोडं चालवून झाल्यावर पुन्हा आवळून बघायचा, ही साधी शिस्त.

त्याहून लपलेली गोष्ट ब्रेकची. कित्येक पिकअपना मागच्या एक्सलशी दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडीत वजन असेल तर मागच्या ब्रेकला जास्त दाब, रिकामी असेल तर कमी, हे तो चासी आणि एक्सलमधल्या अंतरावरून ठरवतो. ठोकळे घालून अंतर वाढवलं आणि दांडी होती तशीच ठेवली, तर त्या व्हॉल्व्हच्या लेखी गाडी कायम रिकामी. भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक अपुरा पडतो. माझ्या गाडीत दांडी शेवटपर्यंत ताणलेली होती, आणि शेजारची ब्रेकची रबरी नळीसुद्धा.

आता दुसरी फसवणूक. उंची मूळ मापावर आणायला गाडी एका गॅरेजात नेली. मिस्त्रीने उजवी बाजू जॅकवर घेतली, काहीतरी बघितल्यासारखं केलं, खाली सोडली आणि लगेच टेप लावला. डावी बाजू चांगली इंचभर कमी. “साहेब, डावा बार बसलाय. बदलायचे तर दोन्ही बदला.” टेप माझ्या डोळ्यांसमोर लावलेला, वाद कशावर घालणार? खरी गंमत अशी की जॅकवरून उतरवलेली बाजू काही वेळ उंचच राहते. चाकं लोंबताना आत ओढली जातात आणि टायर जमिनीला घट्ट धरून असल्यामुळे लगेच बाहेर सरकत नाहीत. गाडी थोडी पुढे-मागे केली की बसते. तो इंच जॅकने तयार केलेला होता.

‘नवे’ बार घातल्याचे पैसे त्याने घेतले. काळेभोर, चमकदार. पण त्याच रंगाचे शिंतोडे शेजारच्या बुशच्या रबरावर आणि चासीवरही होते. कारण बार काढलेच नव्हते, जागेवरच फवारा मारला होता. दुसऱ्या एका मेकॅनिकने नखाने रंग खरवडला तर खाली जुन्या गंजाचे खड्डे. टॉर्शन बारवर डावा-उजवा अशी खूण असते, कारण ते बनवतानाच एका दिशेने पिळून तयार करतात आणि अदलाबदल चालत नाही. त्यामुळे बार बदलला असं कोणी म्हटलं तर जुना बार परत मागा आणि नव्यावरची खूण बघा.

माप घेताना गाडी सपाट जागी हवी, दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा, आणि आधी थोडी चालवून बंपर दोन-चारदा दाबलेला. जमिनीपासून मोजू नका, मोठे टायरही उंची वाढवतात. चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरा. दुरुस्तीसाठी मात्र कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलंच माप धरायचं. ते बऱ्याचदा कंट्रोल आर्मच्या बोल्टांपाशी घ्यायला सांगितलेलं असतं. हबपासूनचं अंतर वाढलेलं दिसलं तरी चासी आणि बॉडीच्या मध्ये जाड ठोकळे नाहीत ना, हे बघा. तो बॉडी लिफ्ट. त्यात सस्पेन्शन जागचं हललेलं नसतं.

आणि टॉर्शन बारचे ते बोल्ट स्वतः फिरवायला जाऊ नका, निदान चाकावर वजन असताना तरी नाही. पिळलेल्या दांड्यात प्रचंड ताकद कोंडलेली असते. गाडी स्टँडवर घेऊन ताण कमी केल्यावरच पाना लावायचा.

माझ्या गाडीचे बोल्ट आता मूळ मापावर आहेत, ठोकळे निघाले, यू-बोल्ट आणि सीव्ही बूट नवे. उंची ठरल्यावर अलाइनमेंट झाली आणि हेडलाइटही खाली केले. समोरच्याच्या डोळ्यांत जात होते. गॅरेजवाल्याने फवाऱ्याचे फोटो बघून अर्धे पैसे परत केले. विकणाऱ्याचं उत्तर एका ओळीचं: “गाडी आहे तशी विकली होती.” व्यवहाराच्या कागदावर त्यानेच ‘लिफ्टसह’ एवढंच लिहिलं होतं, त्यामुळे पुढे काही करता आलं नाही. तुम्ही लिहून घ्याल तेव्हा कंट्रोल आर्म, शॉकअप, ठोकळे, यू-बोल्ट अशी भागांची नावं घालून घ्या, आणि प्रत्येकापुढे नवा की मूळचा तेही.