सुकुकची जोखीम मोजताना : 'व्हॅल्यू ॲट रिस्क'चा काही महिन्यांचा अनुभव

दुबईत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याकडे नेहमीचे डॉलर रोखे आहेत आणि सुकुकही, म्हणजे इस्लामी नियमांनुसार व्याजाऐवजी मालमत्तेच्या भाड्यातून किंवा नफ्यातून परतावा देणारी रोख्यांसारखी प्रमाणपत्रे. दोहोंची जोखीम एकाच मापाने मोजावी म्हणून गेले काही महिने मी वडोदऱ्यात घरी 'व्हॅल्यू ॲट रिस्क'चा एक्सेल तक्ता चालवत आहे. पुढील दहा दिवसांत तोटा कोणत्या रकमेपलीकडे जाणार नाही, हे तो 99 टक्के खात्रीने एका आकड्यात सांगतो. बँकेच्या ट्रेझरीत नोकरी झाल्यामुळे ही पद्धत मला परिचयाची होती. सुकुकला ती कितपत लागू पडते, हे मात्र पाहायचे होते.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या 2007 सालच्या एका अभ्यासात एकाच जारीकर्त्याचे युरोबाँड (परकीय चलनात विकलेले साधे रोखे) आणि सुकुक तपासले होते आणि केवळ युरोबाँड बाळगण्यापेक्षा त्यांच्यासोबत सुकुक ठेवल्यास हा आकडा कमी होतो, असे आढळले होते. माझ्या तक्त्यातही तसेच दिसले, पण त्या दिलाशावर मी थांबलो नाही. सुकुकच्या भावांचा रकाना उघडला की तोच भाव ओळीने कित्येक दिवस तसाच दिसतो आणि मग एका दिवशी तो एकदम उडी घेतो. इस्लामी बँका आणि तकाफुल (इस्लामी विमा) कंपन्या सुकुक बहुधा मुदतपूर्तीपर्यंत धरून ठेवतात, त्यामुळे बाजारात उलाढाल थोडी होते. भाव हललाच नाही, तर चढउतारही कमी भरतो आणि रोख्यांशी सहसंबंधही कमी दिसतो. जोखीम मात्र तिथेच असते. म्हणून आता मी रोजच्याऐवजी आठवड्याचा बदल घेतो आणि भाव न बदललेल्या दिवसांसाठी वेगळा रकाना ठेवतो. असे केल्यावर दोहोंतला फरक बराच आटला.

व्याजदराच्या बाबतीत वेगळे काही करावे लागत नाही. ठरावीक भाडे देणारा इजारा सुकुक असो वा साधा रोखा, ड्युरेशन (दर बदलल्यावर किंमत किती हलते याचे माप) पाच असेल तर बाजारातील दर एक टक्क्याने वाढताच किंमत सुमारे पाच टक्क्यांनी उतरते.

खरी अडचण कराराची आहे. इजारा सुकुकमध्ये मालमत्ता विश्वस्त कंपनीकडे जाते, भाडे धारकांना मिळते आणि मुदतीअखेर मूळ कंपनी ती मालमत्ता दर्शनी किमतीला परत घेण्याचे वचन देते. अशा बहुतेक सुकुकमध्ये मालमत्ता विकून पैसे वसूल करण्याचा हक्क धारकाला नसतो. त्याचा भरवसा त्या वचनावरच असतो. 2009 साली दुबईच्या नखील कंपनीचे 3.5 अब्ज डॉलरचे सुकुक अबुधाबीची मदत आली म्हणून फेडले गेले. 2017 साली शारजाच्या दाना गॅसने आपलेच 70 कोटी डॉलरचे सुकुक संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानुसार बेकायदेशीर असल्याचे जाहीर केले. लंडनच्या न्यायालयाने मात्र खरेदीचे वचन वैध ठरवले. मागील भावांवर चालणाऱ्या कोणत्याही तक्त्यात असा धोका आधी उमटत नाही.

भाचा विचारतो, "मामा, एकच आकडा सांगा ना." मी त्याला तीन गोष्टी पाठवतो : साप्ताहिक बदलांवरून काढलेला आकडा, ड्युरेशन, आणि खरेदीचे वचन कोणी व कोणत्या देशाच्या कायद्याखाली दिले आहे याची नोंद. सुकुक मुदतीपर्यंत ठेवायचे असतील, तर यांपैकी तिसरी गोष्ट आधी वाचावी, असे मी त्याला आवर्जून सांगतो.