सात्सुमाचं ‘जुनं’ धुपाटणं : ८५,००० येन गेले

ओसाकात राहते. गेल्या हिवाळ्यात क्योतोतल्या जुन्या वस्तूंच्या एका बाजारात मला कोरो दिसलं. कोरो म्हणजे जपानी धुपाटणं. साईसारखा रंग, तीन पाय, झाकणावर सिंह, अंगभर सोन्याच्या नक्षीत दाटीनं बसलेले अर्हत, म्हणजे ज्ञानप्राप्त बौद्ध भिक्षू. आजीचं पितळी धुपाटणं आठवलं आणि पाय तिथेच थबकले.

विक्रेता वयस्कर, बोलणं अदबीचं. “एदो काळातलं, १८५० च्या सुमाराचं सात्सुमा. हे बघा शिमाझू सरदारांचं चिन्ह,” म्हणत त्यानं बुडावरची वर्तुळातली सोनेरी फुली दाखवली. सात्सुमा म्हणजे दक्षिण जपानातला जुना प्रांत आणि त्याच नावानं ओळखली जाणारी तिथली मातीची भांडी; शिमाझू हे तिथले सरदार. सोबत लाकडी पेटी, झाकणावर शाईचा लेख. मी ८५,००० येन रोख मोजले.

घरी आणल्यावर पाहिलं तर पेटीत ते डगडगत होतं. कुंचल्याची वळणदार अक्षरं मला वाचता येत नाहीत, म्हणून जपानी शिकवणाऱ्या बाईंना दाखवली. त्यांनी वाचलं, “काबिन.” म्हणजे फुलदाणी! पेटी भलत्याच वस्तूची होती.

मग भिंग घेतलं. अर्हतांचे चेहरे म्हणजे नुसते ठिपके, छापील चित्र. हाताची होती ती फक्त वरची सोनेरी रेघ. सात्सुमाच्या झिलईला केसासारखे बारीक तडे असतात, ते खरंच. पण इथे प्रत्येक तड्यात एकाच छटेचा तपकिरी रंग होता. ओल्या कापसानं पुसलं, कापूस पिवळा झाला.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती नक्षीची, कारण खोटं तिथेच उघड दिसत होतं. जपाननं कोरियावर केलेल्या १५९२–९८ च्या स्वाऱ्यांनंतर तिथून आणलेल्या कुंभारांनी ही कला सात्सुमात रुजवली. सात्सुमातली जुनी रंगीत कामं संयत: थोडी फुलं आणि भोवती भरपूर मोकळी जागा. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर परदेशातून मागणी वाढली. मग क्योतो, ओसाका, योकोहामातही ‘सात्सुमा’ रंगवलं जाऊ लागलं आणि अर्हतांची ही गर्दी, हा सोन्याचा मारा आला. शिमाझूंची फुलीही अशा निर्यातीच्या मालावर सर्रास काढत. तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पुढच्या महिन्यात परत गेले, तो विक्रेता तिथे नव्हता. पावतीवर एकच शब्द होता, ‘याकिमोनो’, म्हणजे भांडी. काळ नाही, ठिकाण नाही. जपानात जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याला सरकारी परवाना लागतो. त्याचा क्रमांक मी विचारलाच नव्हता. तुम्ही आधी तो टिपून घ्या, काळ आणि ठिकाण पावतीवर लिहून मागा. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून चेहरे मोठे करून बघा, आणि पैसे त्यानंतरच काढा.