बीएमएस की इंग्रजी घेऊन बीए? नोकरी मात्र कंपनीतच करायची असेल तर

बारावीचा निकाल लागला की डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत कुणीतरी हा प्रश्न घेऊन येतंच. मी दोन्ही वर्गांत बसलोय. एक वर्ष बीएमएसला, म्हणजे मॅनेजमेंटच्या पदवीला, मग वर्ष वाया घालवून इंग्रजीच्या बीएला. तेव्हा माझं पारडं कुठे झुकतं ते कळेलच.

बीएमएसचे फायदे खोटे नाहीत. कॉस्टिंग, मार्केटिंग हे शब्द कानावरून गेलेले असतात, सीनियर्स कंपन्यांत असतात, इंटर्नशिप लवकर मिळते. २०२४ पासून बीबीए-बीएमएससारख्या मॅनेजमेंटच्या पदव्यांना सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा आली, तेवढी तयारी धरा. सीए पक्कं असेल तर मात्र सरळ कॉमर्स घ्या. पदवीनंतर सीएची पहिली पायरी फाउंडेशन टाळून थेट दुसऱ्या पायरीला, इंटरमीजिएटला जायला कॉमर्सवाल्याला ५५ टक्के पुरतात, आर्ट्सवाल्याला ६० लागतात.

माझं घोडं अडलं ते ग्रुप प्रोजेक्टवर. पाच जणांचा ग्रुप: एकाने नेटवरून उतरवायचं, दुसऱ्याने रंगीत पीपीटी करायची, तिसऱ्याने झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल मारून आणायचं. उरलेले दोघे कँटीनमध्ये. आमच्या एका प्रोजेक्टच्या प्रत्येक पानाखाली आदल्या बॅचच्या मुलाचं नाव तसंच राहिलं होतं. २० पैकी १७ मिळाले. मित्र खूश होते. मला मात्र ते १७ मार्क जिव्हारी लागले. तपासताना कुणी एक पानही उलटलं नव्हतं.

बीएला दोन पानांचं ट्युटोरियल परत यायचं तेव्हा समासात मॅडमनी पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला असायचा, 'कशावरून?' कवितेत दुःख आहे म्हणालास, कुठल्या ओळीत? पहिले सहा महिने राग यायचा. पुढे लोअर परळला कंपन्यांचे वार्षिक अहवाल लिहिण्याचं काम मिळालं, तेव्हा तोच शब्द कामाला आला. फॅक्टरीकडून आलेल्या मजकुरात 'पाण्याच्या वापरात लक्षणीय घट' असायचं. मी विचारायचो, कशावरून? एकदा शोधत गेलो तर मागच्या तक्त्यात वापर वाढलेला निघाला. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय, त्यामुळे असं काम वाढलंच आहे.

इंग्रजीने रडवलंही. पहिल्याच मीटिंगमध्ये 'एबिटा' म्हणजे काय ते टेबलाखाली मोबाइलवर बघितलं: व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीचा नफा. एक्सेल शिकलो ते स्लो लोकलमध्ये, यूट्यूबवर. पहिला पगार बीएमएसवाल्या मित्रांपेक्षा बराच कमी होता, बरोबरी व्हायला चार वर्षं लागली. घरी पैशांची घाई असेल तर हा मुद्दा हलका समजू नका.

एमबीएचं दार दोघांनाही उघडं आहे. त्याच्या प्रवेश परीक्षेत, २०२४ च्या कॅटमध्ये, ६८ पैकी २४ प्रश्न इंग्रजी भाषा आणि वाचन-आकलनाचे होते; तिथे बीएवाला निवांत, पण क्वांट्सला, म्हणजे गणिताला, घाम फुटतो.

ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्याने माझं ऐकू नये. बाकीच्यांनी इंग्रजी घेताना मायनरला, म्हणजे जोडविषय म्हणून, इकॉनॉमिक्स मिळतं का ते कॉलेजात आधी विचारावं, आणि एफवायच्या सुट्टीत अकाउंट्सचा एखादा क्लास करून टाकावा. खालच्या मजल्यावरच्या मुलीला मी हेच सांगितलं. तिला पटलंय. तिच्या बाबांनी मात्र बीएमएसच्या सीईटीची पुस्तकं आणून ठेवली आहेत.