लघवीतली प्रथिने आटवण्यासाठी १० किलोडाल्टनचा स्पिन फिल्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी (रेणूंचे वस्तुमान मोजून ते ओळखण्याची पद्धत) लघवीतली प्रथिने आटवायला १५ मिलीचे, रिजनरेटेड सेल्युलोज मेम्ब्रेनचे, १० किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) कट-ऑफचे, म्हणजे साधारण त्याहून जड रेणू अडवणारे फिल्टर गेले काही महिने सतत वापरात आहेत. सॅम्पल स्वच्छ असेल तर १५ मिलीचे २०० मायक्रोलिटर होतात, क्षार आणि युरियाही निघून जातात. अ‍ॅसिटोनने प्रथिने साकळवण्यापेक्षा ही पद्धत मला पसंत आहे, कारण पेलेट (तळाशी बसलेला साका) पुन्हा विरघळवायची कटकट उरत नाही.

फिल्टर तुंबतो तो बहुतेक वेळा युरोमोड्युलिनमुळे. निरोगी माणसाच्या लघवीत हेच प्रथिन सर्वांत जास्त असते. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतून जेलसारखा थर मेम्ब्रेनवर बसतो. थंडीत आणि जास्त क्षारांत ते आणखी साकळते, म्हणून फ्रीजरमधून काढलेले सॅम्पल गढूळ दिसते. ते पूर्ण वितळू द्या, काही मिनिटे ३७ अंशांवर ठेवा, व्हॉर्टेक्स करा आणि मगच पेशी काढण्यासाठी २,००० जी ला (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २,००० पट जोराने) १० मिनिटे फिरवा. थंड असतानाच फिरवले तर साक्यात अडकलेली इतर प्रथिनेही फेकली जातात. तरीही तुंबत असेल तर १० मिलिमोलर डीटीटी (डायथायोथ्रेइटॉल, क्षपण करणारे रसायन) घाला. डायसल्फाइड बंध तुटून साखळ्या सुटतात. मात्र डीटीटी तांब्याचे क्षपण करते, त्यामुळे बफर बदलून ते काढल्याशिवाय बीसीए (तांब्याच्या क्षपणावरून प्रथिन मोजण्याची चाचणी) लावू नका. आकडा फुगून येतो.

नव्या मेम्ब्रेनमध्ये थोडे ग्लिसरीन असते, म्हणून आधी बफरने धुऊन घ्यावे. एकदा ओला झालेला फिल्टर कोरडा पडू देऊ नये. स्विंग-आउट रोटरमध्ये ४,००० जी पुरे. फिक्स्ड अँगलमध्ये ५,००० जी चालते, पण मेम्ब्रेनची बाजू वर हवी. सेटिंग जी मध्येच करा, आरपीएमचा (मिनिटाला फेरे) आकडा दुसऱ्या रोटरला लागू पडत नाही. ४ अंशांवर पाण्याचा चिकटपणा २५ अंशांच्या पावणेदोन पट असतो, त्यामुळे थंड सेंट्रीफ्यूजमध्ये वेळ बराच वाढतो. मध्ये एकदा थांबून पिपेटने हलके ढवळावे, टोक मेम्ब्रेनला लागू न देता.

कट-ऑफचा आकडा म्हणजे भिंत नव्हे. हवे असलेल्या प्रथिनाच्या वजनाच्या निम्मा किंवा तिसरा हिस्सा कट-ऑफ घ्यावा. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन साधारण ११.८ किलोडाल्टनचे, त्यासाठी १० च्या फिल्टरवर विसंबू नका. ३ चा घ्या. तो हळू चालतो, ते सोसावे लागते.

बफर बदलताना दर वेळी १० पट पातळ करून परत आटवले, तर तीन फेऱ्यांत क्षार हजारांश होतात. ट्रायटन या डिटर्जंटचे मात्र तसे नाही. त्याचे मायसेल (रेणूंचे पुंजके) मेम्ब्रेनवरच अडतात, म्हणजे प्रथिनांबरोबर तेही आटून बसते आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्रास देते. एसडीएस हे दुसरे डिटर्जंट ८ मोलर युरियाच्या धुण्याने निघते.

शेवटी ५० ते १०० मायक्रोलिटर बफरने मेम्ब्रेन खळबळून ते पाणी मूळ सॅम्पलमध्येच मिळवा. मेम्ब्रेनला चिकटलेले बरेचसे प्रथिन त्यात परत मिळते. खालचा फिल्ट्रेट (गाळून गेलेला द्रव) जेलवर (प्रथिने वेगळी करून दाखवणारी चाचणी) पाहिल्याशिवाय फेकू नका: मेम्ब्रेन फाटली असेल तर प्रथिने तिथेच सापडतात. फिल्टर महाग असले तरी धुऊन दुसऱ्या रुग्णाच्या सॅम्पलसाठी वापरू नका, आधीचे पेप्टाइड पुढच्या रनमध्ये उमटतात.